मोजक्या शाया, अमाप छटा : टी-शर्टवरील स्क्रीन छपाईचा आढावा

काळ्याभोर सुती टी-शर्टवर मावळतीचे आभाळ जसेच्या तसे उतरावे असा आग्रह धरणारा चित्रकार आणि सहा रंगांच्या वर आपल्या यंत्रात जागा नाही असे सांगणारा छपाईवाला, ह्या दोघांमधील मतभेद वरवर पाहता पैशांचा किंवा सवडीचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो बहुरंगी मुद्रणाइतकाच जुना असून त्याला एकच एक उत्तर अद्याप कोणाला देता आलेले नाही. संगणकाच्या पडद्यावर चित्रकाराच्या दिमतीला 1 कोटी 67 लाखांहून अधिक छटा हजर असतात. छपाईच्या टेबलावर मात्र एका स्क्रीनमधून एकच शाई उतरते, आणि जितक्या शाया तितक्या स्क्रीन, हा तेथील दंडक आहे. अगणिताला मोजक्यात बसवावयाचे, आणि तसे करताना चित्राचे तेज उणावू द्यावयाचे नाही, ह्यासाठी जे निरनिराळे मार्ग चोखाळले गेले त्यांच्या गुणदोषांचा येथे विचार करावयाचा आहे.

ही मर्यादा येते कोठून, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एका रंगासाठी चित्रातून तेवढाच भाग वेगळा काढून त्याची काळी-पारदर्शक फिल्म, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील पॉझिटिव्ह, तयार करावी लागते. चौकटीवर ताणून बसविलेल्या पॉलिएस्टरच्या जाळीला प्रकाशसंवेदी इमल्शनचा लेप देऊन तो अंधाऱ्या खोलीत वाळवावा लागतो. वर पॉझिटिव्ह ठेवून त्याला प्रकाश दाखविला की उजेड लागलेला भाग टणक होतो, झाकलेला भाग पाण्याने धुऊन जातो, आणि उघड्या पडलेल्या त्या जाळीतून स्क्विजीच्या रबरी पात्याच्या दाबाने शाई कापडावर उतरते. हा सारा खटाटोप पन्नास टी-शर्टांसाठी असो की पाच हजारांसाठी, सारखाच करावा लागत असल्यामुळे लहान मागणीत प्रत्येक वाढीव स्क्रीनचा बोजा थेट नगावर पडतो. पण एवढ्यावर भागत नाही. होजियरीचे कापड ताणले जाणारे, हवेतील ओलीने आणि शाई पक्की करणाऱ्या भट्टीच्या उष्णतेने आकसणारे असते. अशा कापडावर एकावर एक अचूक ठसे बसविणे, म्हणजे रजिस्ट्रेशन राखणे, हे स्क्रीनच्या संख्येबरोबर अवघड होत जाते. कित्येक वेळा आठ रंगांत विभागलेले चित्र पाच रंगांतल्यापेक्षा मळकट दिसते ते ह्यामुळेच. तेव्हा मर्यादा ही केवळ गरिबीची सबब नव्हे. ती ह्या माध्यमाच्या प्रकृतीतच आहे.

पूर्वेतिहास फार लांबविण्याचे कारण नाही. काकी फळाच्या तुरट रसाने टणक केलेल्या कागदाचे साचे कापून त्यांतून कापडावर नक्षी उठविण्याची जपानी कातागामी पद्धती, साच्यातील सुटे तुकडे निखळू नयेत म्हणून त्यांत गुंफलेले रेशमाचे बारीक धागे, आणि तेथून पुढे संपूर्ण रेशमी जाळीच साच्याचा आधार करण्याची कल्पना, अशी ही परंपरा आहे. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन ह्यांनी 1907 मध्ये रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. मंदीच्या काळात अमेरिकन सरकारच्या फेडरल आर्ट प्रोजेक्टमध्ये अँथनी व्हेलोनिस ह्यांनी 1938 च्या सुमारास ह्या व्यापारी तंत्राला चित्रकारांच्या कार्यशाळेत स्थान मिळवून दिले. 1962 पासून अँडी वॉरहॉलने ते कलादालनांत नेले. आणि मायकेल व्हॅसिलंटोन ह्यांच्या फिरत्या बहुरंगी यंत्राला 1969 मध्ये पेटंट मिळाल्यावर कपड्यावर अनेक रंग झपाट्याने छापणे लहान कारखानदाराच्याही आवाक्यात आले. आपल्याकडे रंगीत चित्रांच्या छपाईचा एक मोठा उद्योग राजा रविवर्मा ह्यांनी 1894 मध्ये मुंबईत उभारला आणि तो पुढे मळवलीस गेला; परंतु तेथील पद्धत शिळाछपाईची होती, आणि त्या पद्धतीत अंगकांतीची किंवा शालूची एकेक छटा साधण्यासाठी दगडामागून दगड चढविण्यात येत असत. तेजस्वितेचा एक मार्ग असा विपुलतेचा आहे. टी-शर्ट छापणाऱ्याला नेमका तोच बंद असतो.

दुसऱ्या टोकाचा मार्ग म्हणजे मुळात चित्रच मोजक्या सपाट रंगांत विचार करून काढणे. ह्याला धंद्यात स्पॉट कलरची छपाई म्हणतात, आणि ती केवळ नावांच्या व चिन्हांच्या उपयोगाची आहे असा एक गैरसमज सर्वत्र पसरला आहे. तो खोडून काढावयास क्यूबाचे उदाहरण पुरेसे आहे. 1959 मध्ये स्थापन झालेल्या तेथील सरकारी चित्रपटसंस्थेने टंचाईच्या दिवसांत हाताने कापलेल्या साच्यांतून स्क्रीन छपाईची भित्तिपत्रके काढली, आणि एदुआर्दो मुन्योस बाक्स व रेने आस्कुय ह्यांच्यासारख्या चित्रकारांनी दोनतीन शायांत असा जोर आणला की त्यांपुढे भरगच्च छापील जाहिराती फिक्या वाटाव्यात. आस्कुय ह्यांच्या एका गाजलेल्या पत्रकात काळ्या-पांढऱ्या चेहऱ्यावर ओठ तेवढे लाल आहेत, आणि त्या एका लालीपुढे दुसऱ्या रंगाची उणीव पाहणाराला जाणवत नाही.

रंग जितका छापला तितकाच दिसतो, असे नाही. ही गोष्ट शास्त्रीय पद्धतीने प्रथम मांडण्याचा मान पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यातील रंगविभागाचे प्रमुख मिशेल शेव्ह्रल ह्यांच्याकडे जातो. काळ्या रंगाला खोली येत नाही अशी तक्रार त्यांच्या दप्तरी आली. त्यांनी चौकशी केली तेव्हा काळ्या धाग्याच्या रंगणीत काहीही दोष नसून शेजारच्या धाग्यांचे रंग त्याला मारीत आहेत, असे निष्पन्न झाले, आणि त्यातून 1839 चा त्यांचा सहवर्ती विरोधाचा ग्रंथ उभा राहिला. पुढे योसेफ आल्बर्स ह्यांनी 1963 मध्ये रंगांच्या परस्परपरिणामांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याच्या मूळ आवृत्तीतील 150 रंगीत पट्ट स्क्रीन छपाईनेच सिद्ध झाले होते, आणि एकच रंग दोन पार्श्वभूमींवर दोन निराळे रंग कसा भासतो ह्याचे त्याहून खात्रीचे प्रात्यक्षिक सापडणे कठीण. टी-शर्टाच्या बाबतीत ह्याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. भडक नारिंगीच्या शेजारी ठेवलेला साधा करडा रंग निळसर दिसतो. लाल क्षेत्राने वेढलेला मध्यम करडा हिरवटपणाकडे झुकतो. म्हणजे ज्या निळ्यासाठी एक स्क्रीन खर्ची पडणार होती तो निळा न छापताही मिळू शकतो, मात्र त्यासाठी चित्रकाराने शेजार आधी ठरविलेला असला पाहिजे. माझ्या मते रेखाप्रधान चित्राला ह्याहून श्रेष्ठ मार्ग नाही, आणि तरुण चित्रकार सर्वांत कमी अभ्यास करतात तो ह्याच मार्गाचा.

परंतु सर्वच चित्रे रेखाप्रधान नसतात. धूर, ढग, कातडीवरची सावली, घोड्याच्या पाठीवरची चकाकी ह्यांना चढउतार लागतो, आणि शाईला चढउतार ठाऊक नाही. ती एक तर लागते किंवा लागत नाही. ह्या अडचणीवर मुद्रणविद्येने शोधलेला तोडगा म्हणजे हाफटोन. गडद भागी मोठे ठिपके, उजळ भागी लहान, आणि विशिष्ट अंतरावरून पाहणाऱ्या डोळ्याने त्यांची आपोआप केलेली सरासरी. चार शाया असल्या तर कोणत्याही सूक्ष्म बिंदूपाशी त्यांच्या असण्या-नसण्याचे सोळाच प्रकार संभवतात, आणि ह्या सोळा प्रकारांच्या प्रमाणांतून कोणती छटा भासेल ह्याचे गणित हान्स नॉयगेबाउअर ह्यांनी 1937 मध्ये बांधले. त्याच्या एक वर्ष आधी मरे व डेव्हिस ह्यांचे ठिपक्याच्या क्षेत्रफळाचे सूत्र आले होते, आणि ठिपका छापल्यावर हिशेबापेक्षा गडद का दिसतो ह्याचा उलगडा करणारी यूल व नील्सेन ह्यांची दुरुस्ती 1951 मध्ये झाली. ही सारी गणिते कागदासाठी रचलेली होती. कापडाला ती जशीच्या तशी लागू पडत नाहीत, कारण सुताची लव शाई ओढून घेते आणि ठिपका पसरतो. पॉझिटिव्हवरचा पन्नास टक्क्यांचा ठिपका टी-शर्टवर पुष्कळदा सत्तरच्या आसपास जातो, पाच टक्क्यांखालचा जाळीतच नाहीसा होतो, आणि नव्वद-पंचाण्णवच्या पुढचा बुजून सपाट होतो. म्हणून जाणता कारागीर चित्रातील मध्यम छटा फिल्म काढण्यापूर्वीच उजळ करून ठेवतो.

मासिकाच्या पानावर इंचास 133 ते 150 ओळींचे हाफटोन सहज उमटते. टी-शर्टवर 45 ते 55 ओळींचे उमटले तरी काम उत्तम समजावे. कारण ठिपक्याला टेकावयास जाळीचे धागे हवेत. प्रत्येक ओळीमागे चार-साडेचार धागे असावेत हा सर्वमान्य ठोकताळा आहे. त्या हिशेबाने 55 ओळींना इंचास 230 च्या आसपास धागे असलेली, म्हणजे सेंटिमीटरच्या मापाने 90 नंबरची जाळी लागते. जाळीची वीण, ठिपक्यांची रांग आणि होजियरीच्या विणीची रांग ह्या तीन जाळ्या एकमेकींवर पडल्या की त्यांच्या संघर्षातून लाटालाटांची नको असलेली नक्षी उठते, ज्याला मॉयरे म्हणतात. ती टाळण्यासाठी सर्व रंगांची हाफटोने 22.5 अंशांच्या एकाच कोनात ठेवण्याची वहिवाट टी-शर्टवाल्यांनी पाडली. ऑफसेटमध्ये सायन, मॅजेंटा व काळा ह्यांच्यांत 30 अंशांचे अंतर ठेवतात. त्या धंद्यातून आलेल्या माणसाला ही वहिवाट प्रथम चुकीचीच वाटते. परंतु ज्या शाया बहुतांशी अपारदर्शक असून ज्यांच्या मिश्रणावर सारे चित्र विसंबलेले नसते, त्यांना ती मानवते.

येथे चौरंगी छपाईचा, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळा व काळा ह्या चार पारदर्शक शायांच्या मार्गाचा विचार ओघाने येतो. चार शाया आणि सारी दुनिया, हे तिचे आकर्षण. पांढऱ्या, गुळगुळीत, विंचरलेल्या सुताच्या कापडावर छायाचित्र उतरवावयाचे असेल तर ती खरोखरच समाधानकारक काम देते. पण तिचा ताळेबंद फार नाजूक असतो. चारांपैकी एक शाई किंचित जास्त उतरली की माणसाचा चेहरा हिरवट पडतो, आणि हाताने ओढलेल्या स्क्विजीचा दाब शंभराव्या नगालाही पहिल्याइतकाच राहील अशी हमी कोणी देऊ शकत नाही. शिवाय पारदर्शक शायांना उजेड लागतो तो खालच्या पांढऱ्या कापडाकडून परतलेला. कापड काळे झाले की तो उजेडच नाहीसा होतो. खाली पांढऱ्या शाईचा थर देऊन वर चौरंगी छापण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले आहेत, पण त्यांतील लाल विटकट, हिरवा मळकट आणि नारिंगी निस्तेज येतो. गडद टी-शर्टसाठी चौरंगी छपाई योजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काळ्या टी-शर्टचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो अमेरिकेतील संगीतमंडळ्यांच्या आणि मोटारसायकलवाल्यांच्या काळ्या टी-शर्टांवर. कवट्या, ज्वाळा, विजा आणि धुके ह्यांनी भरलेली ती चित्रे हवेच्या फवाऱ्याने रंगविलेली असत, आणि ती छापताना तेथील विभाजकांनी, म्हणजे चित्रातील रंग वेगळे काढणाऱ्या कारागिरांनी, जी रीत बसविली तिला सिम्युलेटेड प्रोसेस म्हणतात. तिचे मर्म असे की चार ठरीव शायांचा हट्ट सोडावयाचा. चित्रात ज्या रंगांचे प्राबल्य आहे त्याच रंगांच्या गाढ, अपारदर्शक शाया घ्यावयाच्या. आणि त्या प्रत्येकीचे हाफटोन काढून ती दुसरीत विरू द्यावयाची. म्हणजे स्पॉट कलरचे तेज आणि हाफटोनचा चढउतार, दोन्ही हाती लागतात. काळा रंग बहुधा छापावाच लागत नाही, कारण तो कापडानेच दिलेला असतो.

ही रीत प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासाठी ढोल-ताशा पथकाच्या काळ्या टी-शर्टवर येणारे गणपतीचे एखादे चित्र समोर ठेवू. शेंदरी अंगकांती, पिवळा पीतांबर, जांभळे उपरणे, सोन्याचा मुकुट, मागे निळसर प्रभा आणि भोवती उधळलेला गुलाल, एवढा ऐवज सहा स्क्रीनमध्ये बसवावयाचा आहे. पहिली स्क्रीन बेस व्हाइटची, म्हणजे रंगांखालच्या पांढऱ्या थराची, आणि शेवटची हायलाइट व्हाइटची, म्हणजे वरच्या चमकेच्या पांढऱ्याची, ह्यांत तडजोड नाही. मधल्या चारांत पिवळा, लाल व निळा हे तीन अपरिहार्य. चौथ्या जागेसाठी करडा घ्यावा की तपकिरी, असा वाद सहसा उपस्थित होतो. मी दोन्ही नाकारून राणी रंग घेईन. गुलाल लालातून साधत नाही. लाल उजळ करू गेले की तो फिका गुलाबी होतो, गुलालाची ती थंड, किंचित जांभळी झाक त्यात येत नाही. उपरण्याचा जांभळाही लाल आणि निळ्यातून काढला तर काळवंडतो, राणी आणि निळ्यातून काढला तर स्वच्छ उमटतो. एका शाईने अशी दोन कामे केली की तिची जागा सार्थ झाली. शेंदरी रंग पिवळ्याच्या भरीव थरावर लालाचे साठ-सत्तर टक्क्यांचे ठिपके दिले की मिळतो. सोंडेच्या वळणावर लाल भरीव होत जातो आणि सावलीत खालचा पांढरा थरच विरत जाऊन कापडाचा काळा वर येतो. मुकुटासाठी सोनेरी शाई कोणी सुचवील, पण तिची गरज नाही. पिवळा, त्यात सावलीच्या बाजूने लालाचे विरळ ठिपके, कडांना कापडाचा काळा आणि माथ्यावर हायलाइट व्हाइटचे दोनचार तुषार, एवढ्याने डोळा सोने पाहतो. प्रभेचा निळा मात्र सावधपणे हाताळावा लागतो, कारण काळ्या कापडावर आधाराविना पडलेला निळा दिसतच नाही. प्रभा कडेकडेने विरावी अशी इच्छा असेल तर विरवावयाचा तो निळा नव्हे, त्याखालचा पांढरा.

ह्या उदाहरणातून जे उघड होते तेच ह्या साऱ्या आढाव्यात मला सांगावयाचे आहे: गडद टी-शर्टवरचे चित्र रंगीत शायांत घडत नाही, ते पांढऱ्यात घडते, आणि रंगांची संख्या वाढविण्याआधी पांढऱ्याचे विभाजन सुधारले पाहिजे. भिंतीचा गिलावा जसा, तसा हा बेस व्हाइट. त्यातील खाचखळगे वरून कितीही रंग दिला तरी लपत नाहीत. बेस म्हणजे चित्राच्या आकाराचा सरसकट पांढरा ठसा, अशी ज्यांची समजूत असते त्यांच्या छपाईत टी-शर्टवर पत्र्यासारखा जाड थर बसतो, सावल्या मरतात आणि घामाने तो भाग अंगाला चिकटतो. उलट जेथे लख्ख रंग हवा तेथे शंभर टक्के, मध्यम छटेखाली चाळीस-पन्नास, गडद सावलीत शून्य, असा पांढरा छाटून दिला, तर वरचे चार रंगच आठ वाटू लागतात, कारण प्रत्येक रंगाला त्याच्याखालच्या पांढऱ्याच्या प्रमाणात एक स्वतंत्र उजेड मिळतो. काळ्या कापडावरचा भरीव लाल, पन्नास टक्के पांढऱ्यावरचा लाल आणि पूर्ण पांढऱ्यावरचा लाल हे पाहणाराच्या लेखी तीन निराळे रंग असतात, आणि शाई मात्र एकच खर्च झालेली असते.

पांढऱ्या शाईची कारागिरीही वेगळी. तिच्यातील टायटॅनियम डायऑक्साइडमुळे ती घट्ट असते, आणि घट्टपणाला घाबरून जो तिच्यात पातळ करणारे द्रव्य ओततो तो तिची झाकण्याची शक्तीच घालवितो. रंगाच्या कडेने पांढरी किनार डोकावू नये म्हणून बेसचा आकार वरच्या रंगाहून केसभर आत ओढून घ्यावा लागतो. बेस छापला की फ्लॅश नावाच्या तापकाच्या उष्णतेने तो वरवर सुकवितात. बोटाने दाबले असता शाई बोटाला येऊ नये, पण किंचित चिकटपणा जाणवावा, ही त्याची खूण. त्याहून अधिक भाजला तर वरचे रंग त्यावर धरत नाहीत, आणि टेबलही इतके तापते की पुढच्या स्क्रीनमध्ये शाई गोठू लागते. मग वरचे रंग ओल्यावर ओले असे एकापाठोपाठ छापून, हायलाइट व्हाइट सर्वांत शेवटी देतात. हे ओल्यावर ओले छापणे शक्य होते ते प्लॅस्टिसॉलमुळे. ही शाई हवेने वाळत नाही, त्यामुळे जाळीतले बारीक ठिपके दिवसभर मोकळे राहतात, आणि संपूर्ण थर सुमारे 160 अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज ती पक्की होत नाही. हा शेवटचा तपशील दुर्लक्षिला की पहिल्या धुण्यातच चित्राला तडे जातात, आणि दोष मात्र रंगाला दिला जातो.

इंडेक्स पद्धतीबद्दल थोडक्यात सांगता येईल. हिच्यात संगणकाने ठरवून दिलेल्या सहा-आठ रंगांचे एकाच मापाचे चौकोनी कण चित्रभर विखुरतात. कोणताही कण दुसऱ्यावर पडत नाही, आणि छटा भासते ती कणांच्या दाटी-विरळीतून. ह्या विखुरणीचे गणित बव्हंशी रॉबर्ट फ्लॉइड व लुई स्टाइनबर्ग ह्यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीवर आधारलेले असते. कणांना ठरावीक रांग नसल्याने मॉयरेचा धोका फारसा राहत नाही, आणि कणाचे माप सर्वत्र सारखे असल्याने छपाईत फेर पडण्याचा संभवही कमी. परंतु रंग एकमेकांवर पडून नवी छटा निर्माण करण्याची सोयच ह्या पद्धतीने सोडून दिलेली असल्यामुळे तिला स्क्रीन अधिक लागतात, आणि चारपाच रंगांत ती नितळ चढउतार देऊ शकत नाही. दगड, माती, खरखरीत कातडे अशा विषयांना ती शोभते. लहान मुलाच्या गालाला शोभत नाही. एकाच स्क्रीनमध्ये दोन शाया शेजारी ठेवून स्क्विजीने त्या मधोमध मिसळू देण्याची जुनी युक्तीही येथे नोंदविण्यासारखी आहे. आभाळासाठी तिच्याइतका स्वस्त उपाय नाही. फक्त काही नगांनंतर मधला भाग मळतो आणि शाई काढून नव्याने भरावी लागते.

आता कापडाकडे वळले पाहिजे, कारण बरेचसे अपयश तेथून येते आणि विभाजकाच्या माथी मारले जाते. तिरुप्पूरहून येणाऱ्या, वजनाने चौरस मीटरला 180 ग्रॅम असलेल्या विंचरलेल्या सुताच्या टी-शर्टवर जो ठिपका रेखीव बसतो तोच लव उठलेल्या हलक्या कापडावर फुटतो. खेळाडूंच्या धर्तीचे पॉलिएस्टरचे टी-शर्ट अलीकडे पथकांत व मंडळांत लोकप्रिय झाले आहेत. परंतु पॉलिएस्टरचा रंग भट्टीच्या उष्णतेने वायुरूप होऊन शाईत शिरतो, आणि भगव्या किंवा लाल टी-शर्टवर छापलेला पांढरा दोन दिवसांत गुलाबी पडतो. त्यासाठी कमी उष्णतेवर पक्क्या होणाऱ्या शाया आणि बेसखाली अडसर म्हणून करडा थर, असे उपाय आहेत. पण त्या थराला एक स्क्रीन खर्ची पडते, हे हिशेबात धरावे लागते.

सुती कापडासाठी पांढऱ्या बेसला पर्याय म्हणून डिस्चार्ज छपाई येते. हिच्यात जस्ताच्या सल्फॉक्सिलेट संयुगाच्या साहाय्याने, उष्णता मिळताच, कापडाचा मूळ रंगच छापलेल्या जागी नाहीसा केला जातो आणि शाईतील रंगद्रव्य तेथे बसते. हाताला छपाई लागत नाही, हवा खेळते, आणि चित्र कापडाचेच होऊन जाते. परंतु रिअॅक्टिव्ह रंगांनी रंगविलेल्या सुताखेरीज ती चालत नाही. मोरपंखी आणि काही निळे रंग तिला दाद देत नाहीत. छपाईच्या वेळी उग्र वास सुटतो आणि हवेशीर जागेची तजवीज कारागिराच्या आरोग्यासाठी आवश्यक ठरते. ती न करता बंद खोलीत हे काम करून घेणे अन्यायाचे आहे, मग चित्र कितीही मृदू उतरो.

टी-शर्टवर थेट शाई फवारणारी आणि फिल्मवर छापून उष्णतेने चिकटविणारी संगणकीय यंत्रे आल्यापासून हा सारा अभ्यास कालबाह्य झाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पाचदहा नगांच्या मागणीत त्या यंत्रांशी स्क्रीनने स्पर्धा करू नये हे मान्य. परंतु तेथे दर नगाचा खर्च जवळजवळ कायम राहतो, तर स्क्रीनचा आरंभीचा खर्च नगांवर वाटला जाऊन उतरत जातो. शिवाय स्क्रीनमधून उतरणारा शाईचा थर ऑफसेटच्या एकदोन मायक्रॉनच्या मानाने कितीतरी पटींनी जाड असतो, आणि त्या थरातील रंगद्रव्याची गच्च दाटी, विशेषतः लाल, नारिंगी आणि राणी रंगांची, फवाऱ्याच्या बारीक थेंबांना गाठणे अवघड जाते. आपोआप विभाजन करून देणारे कार्यक्रमही आता सहज मिळतात. त्यांनी काढलेले विभाजन कच्चा मसुदा म्हणून उपयोगी आहे. चित्रातील कोणता भाग बोलला पाहिजे आणि कोणता मागे राहिला पाहिजे हे त्यांना कळत नाही, आणि गणपतीच्या डोळ्यांतील चमक व पार्श्वभूमीवरचा निरर्थक ठिपका ह्यांना ते सारखाच न्याय देतात.

ह्या कलेची सर्वांत मोठी हेळसांड होते ती कामाच्या क्रमात. चित्र आधी पडद्यावर मंजूर होते, कापड नंतर दराच्या सोयीने ठरते, आणि विभाजन करणाऱ्याला अखेरच्या दोन दिवसांत बोलावणे जाते. मग त्याच्यापाशी रंग वाढवून मागण्यापलीकडे उपाय उरत नाही. म्हणून गणेशोत्सव मंडळांच्या, पथकांच्या आणि महाविद्यालयीन संमेलनांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, कापड आणि त्याचा रंग चित्राच्या आधी ठरवावा, चित्रकाराला व विभाजकाला पहिल्याच बैठकीस एकत्र बसवावे, आणि पडद्यावरच्या प्रतिमेला संमती न देता त्याच कापडावर त्याच शायांत छापलेला एक नमुना मागवून, तो दोनदा धुऊन, दिवसाच्या उजेडात पाहावा. नमुना पसंत पडला तर टी-शर्टाच्या आतल्या पट्टीवर चित्रकाराच्या नावाशेजारी विभाजन करणाऱ्याचेही नाव छापावे.